पडद्यामागची वही : हौशी नाटकाचा प्रयोग आणि त्याच नाटकाचं रेडिओसाठी ध्वनिमुद्रण

फोन वाजायच्या आधीच नट रिसीव्हर उचलतो. ब्लॅकआऊटमध्ये कोणाचा तरी पाय टीपॉयला लागतो. खिडकीबाहेर पाऊस दिसतो आणि ऐकू मात्र येत नाही. प्रेक्षक याला ‘टेक्निकल प्रॉब्लेम’ म्हणतात. यंत्र बहुतेक वेळा ठीकच असतं. कोणत्या शब्दाला कोणी काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून घोळ होतो.

राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका स्पर्धा किंवा गावातल्या गणेशोत्सवातलं दोन अंकी नाटक करणाऱ्या संस्थांकडे पडद्यामागे फार तर सहा-सात माणसं असतात. एक रंगमंच व्यवस्थापक, नेपथ्याला दोघं, आणि प्रॉपर्टी, प्रकाश, ध्वनी, कपडेपट यांना प्रत्येकी एक. एवढ्यात स्वच्छ प्रयोग होतो. अट एकच, सगळे एकाच वहीतून चालले पाहिजेत.

वही कशी बनवायची

संहितेची एक प्रत कागदाच्या एकाच बाजूला छापून घ्या, भोकं पाडून दोन रिंगांच्या फाईलमध्ये लावा. फाईल उघडली की उजवीकडे संवाद आणि डावीकडे कोरी पाठ येते. त्या पाठीवर चार रकाने आखा : प्रकाश, ध्वनी, वस्तू, माणसं. सगळं पेन्सिलनेच लिहायचं, शेवटच्या प्रयोगापर्यंत.

क्यू म्हणजे ठरलेल्या क्षणी दिवा किंवा आवाज बदलायची खूण. प्रकाशाचे क्यू प्र १, प्र २ आणि ध्वनीचे ध्व १, ध्व २ असे वेगळे चालवा. मध्येच नवा क्यू घुसला तर तो ध्व ७क. पुढचे आकडे बदलायचे नाहीत. आकडे बदलले की वहीत एक, ध्वनीवाल्याच्या कागदावर दुसरा आणि लॅपटॉपमधल्या फाईलला तिसरा अशी गत होते, आणि हे कळतं प्रयोगात.

एक तुकडा जवळून पाहू :

आजोबा : दार लावून घे गं. वारा सुटलाय.
सुमी : लावते. (उठते, दाराकडे जाते) आजोबा, आलाच बघा.
आजोबा : कोण?
सुमी : पाऊस!

पाऊस सुरू करायची खूण ‘पाऊस!’ या शब्दावर घालायचा मोह होतो. फाईल दोन सेकंदांत हळूहळू चढणारी असेल तर तोवर सुमीचं वाक्य संपून शांतता पडते आणि पाऊस उशिरा आल्यासारखा वाटतो. म्हणून ध्व १५ ‘आलाच बघा’मधल्या ‘बघा’वर. त्याची ‘तयार’ची सूचना सुमारे पंधरा सेकंद आधी, म्हणजे सुमी हालचालीला वेळ घेत असेल तर ‘दार लावून घे’च्या सुमाराला, नाहीतर त्याही आधीच्या वाक्यावर. दार बंद झालं की पावसाच्या आवाजाची पातळी ६० वरून ३५ वर उतरते, तो ध्व १६. हा संवादावर जात नाही, दार चौकटीला टेकलेलं दिसल्यावर जातो. अशा पाहून द्यायच्या क्यूपुढे वहीत डोळ्याची खूण काढा, म्हणजे क्यू देणाऱ्याची मान त्या क्षणी कागदावर राहत नाही.

सूचना तीन तुकड्यांत द्यायची : आधी विभाग, मग आकडा, शेवटी कृतीचा शब्द. ‘ध्वनी पंधरा, स्टँडबाय.’ समोरून ‘स्टँडबाय’ असं उत्तर आलंच पाहिजे. मग ‘ध्वनी पंधरा... गो.’ ‘गो’ हा शब्द इतर वेळी हेडफोनवर कोणीही उच्चारायचा नाही. मालवणी नाटकात मात्र तो बदला. तिथे ‘काय गो’, ‘ये गो’ दर दोन वाक्यांनी येतं आणि अर्धवट कान देऊन बसलेला ऑपरेटर दचकून बटण दाबतो. ‘सोड’ हा शब्द छान चालतो.

हेडफोन किंवा वॉकीटॉकी नसेल तर व्हॉट्सॲपवर भिस्त ठेवू नका. संदेश पोचायला लागणारा वेळ दर वेळी वेगळा असतो. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर, एक स्विच, घंटीची पातळ वायर आणि टोकाला १२ व्होल्टवर चालणारा लाल एलईडी एवढ्यावर क्यू-लाईट होतो. दिवा लागला म्हणजे तयार, विझला म्हणजे गो. उलटं ठेवू नका. मान खाली असलेल्या माणसालाही शेजारी दिवा लागलेला कळतो, आणि एकदा लक्ष गेलं की तो विझताना बरोबर दिसतो.

प्रॉम्प्टरची, म्हणजे नट विसरला तर आडून वाक्य सांगणाऱ्याची, प्रत वेगळी. तिच्यात दिग्दर्शकाने घेतलेला प्रत्येक पॉज उभ्या रेघांनी दाखवायचा, दोन रेघा म्हणजे लांब. हे नसेल तर नट अभिनयासाठी थांबतो, प्रॉम्प्टरला वाटतं विसरला, आणि विंगेतून (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून) आलेलं पुढचं वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातं.

कागदपत्रं, थोडक्यात

लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र यांच्या प्रती वहीच्या पहिल्या खिशात ठेवा. मंडळाने संहितेत काही गाळायला सांगितलं असेल तर ते वहीतही खोडा, नाहीतर प्रॉम्प्टर तेच वाक्य सांगत बसतो. पुढे रेडिओचा विचार असेल तर परवानगी मागतानाच ‘ध्वनिमुद्रण व प्रसारण’ हे शब्द घालून घ्या. रंगमंचावरच्या प्रयोगाची परवानगी प्रसारणाला पुरत नाही.

नाट्यगृह आधी मोजून या

प्रयोगाच्या तीन-चार आठवडे आधी मीटर टेप आणि टॉर्च घेऊन एक फेरी मारा. रंगमंचाच्या दर्शनी चौकटीची रुंदी, झालरीपर्यंतची उंची, पडद्यापासून मागच्या सायक्लोरामापर्यंतची (आकाश दाखवणाऱ्या फिकट पडद्यापर्यंतची) खोली, विंगेत प्रत्यक्ष किती फूट मोकळे आहेत, आणि सामान आत घ्यायच्या दाराची रुंदी व उंची, एवढी मापं हवीत. शेवटचं माप बहुतेक जण विसरतात. मग दहा फुटी फ्लॅट (लाकडी चौकटीवर कापड लावून केलेली सेटची भिंत) आणि साडेसात फुटी दार अशी भेट होते. सायक्लोरामाच्या मागून पलीकडे जाता येतं का तेही पाहा. येत नसेल तर डावीकडून बाहेर पडलेला नट उजवीकडून आत येऊ शकत नाही आणि दिग्दर्शकाला ते आत्ताच कळलेलं बरं.

मग वायरमनला भेटा. डिमरचे (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे) चॅनेल किती, त्यातले चालू किती, एका चॅनेलवर किती वॅट चालतात, तीन फेज सप्लाय कुठे मिळतो, जनरेटरवर रंगमंचाचे दिवे चालतात की फक्त प्रेक्षागृहाचे, असं सगळं विचारा. चहा पाजून विचारलं तर कोणता चॅनेल मध्येच लुकलुकतो हेही कळतं.

आणलेल्या मापांवरून तालमीच्या हॉलमध्ये चिकटपट्टीने नेपथ्याचा आराखडा प्रत्यक्ष आकारात आखा. दाराच्या जागी दोन खुर्च्या ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून नट याच मापात फिरले पाहिजेत. मोकळ्या हॉलमध्ये पाच पावलांत घेतलेली एंट्री सेटवर तीन पावलांत संपते आणि वाक्य उरतं.

नेपथ्य

हौशी सेटचा कणा म्हणजे कापडी फ्लॅट. दहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन बाय एक इंचाच्या पाइनच्या पट्ट्यांची चौकट, वर-खाली-मध्ये तीन आडव्या पट्ट्या, आणि चारही कोपऱ्यांवर ४ मिलिमीटर प्लायचे त्रिकोण स्क्रूने बसवलेले. त्यावर मांजरपाट. मांजरपाट स्टेपल करताना ढोलासारखा ताणू नका. पहिला पातळ हात लावला की कापड आक्रसतं. आधीच ताणलेलं असेल तर चौकट धनुष्यासारखी वाकते आणि दोन फ्लॅटमध्ये फट पडते. हलकं सैल ठेवा, ओल्या रंगाने ते आपोआप बसतं.

रंग डिस्टेंपरचा, चकाकी नसलेला. ऑइल पेंटच्या भिंतीवर दिव्यांचे गोळे दिसतात. पांढरी भिंतही पांढरीशुभ्र नको. ती नटाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त उजळते आणि प्रेक्षकाचा डोळा भिंतीवरच राहतो. पांढऱ्यात थोडी पिवळी माती किंवा राखाडी मिसळा आणि घरच्या ट्यूबलाईटखाली न ठरवता पिवळ्या हॅलोजनखाली पाहून ठरवा.

उभे फ्लॅट एकमेकांना बिजागरीने जोडायचे. तिची पिन काढून जागी जाड खिळा टाकला की जोडणं आणि सोडणं सेकंदांचं काम. मागून आधाराची तिरकी काठी फ्लॅटच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर टेकवा आणि तिच्या पायावर १५ ते २० किलो वाळूची गोणी ठेवा. बऱ्याच नाट्यगृहांत रंगमंचाच्या फळ्यांत खिळा मारायला बंदी असते, त्यामुळे गोण्या लागतातच. बांधकामावरून वाळू मिळते, पण ती कोरडी करून दुहेरी पिशवीत भरा. ओली वाळू गळते आणि विंगेत घसरायला होतं.

दार हा सेटचा सगळ्यात खट्याळ भाग. ते विंगेच्या बाजूला उघडू द्या, म्हणजे उघड्या दारामागून आधाराच्या काठ्या दिसत नाहीत. बिजागरीच्या बाजूला एक जादा आधार द्या. दार आपटलं की अख्खी भिंत थरथरते ती याच बाजूचा फ्लॅट मोकळा असतो म्हणून. खरी कडी किंवा लॅच बसवू नका. दमट हवेत चौकट फुगते, लॅच अडकतो आणि नट आतच राहतो. कपाटाला लावतात तो चुंबकी कॅच पुरतो. कडी लावल्याचा आवाज हवा असेल तर शेजारी फळीवर खरी कडी ठोकून विंगेतून वाजवा.

सामान नेताना गाडीचं माप घ्या. छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा, म्हणजे दहा फुटी फ्लॅट तीन फूट बाहेर. ते कापड बाहेरच्या बाजूला ठेवून नेले तर वाटेत एखादी फांदी लागून फाटतात. म्हणून फ्लॅट जोडीजोडीने समोरासमोर ठेवायचे, रंगाची बाजू आत.

वस्तूंचं टेबल

दोन्ही विंगांत एकेक टेबल, त्यावर पांढरा कागद, कागदावर प्रत्येक वस्तूची रेखाकृती आणि नाव. वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती लांबूनच दिसते. यादी वाचावी लागत नाही. वस्तू प्रॉपर्टीवाल्यानेच ठेवायची आणि नटाने काम झाल्यावर तिथेच परत ठेवायची. ‘माझा चष्मा मीच सांभाळतो’ म्हणणाऱ्या नटाचा चष्मा मेकअपच्या आरशासमोर सापडतो, दुसरा अंक अर्धा झाल्यावर.

रिकामा कप हातात घेतला की नट तो वाटेल तसा झुकवतो. अर्धा कप पाणी असलं की हात आपोआप खरा वागतो. खायचे पोहे कोरडे नकोत, घशाला चिकटतात. केळं, भिजवलेलं पाव असं काही ठेवा. पत्र वाचायचं असेल तर कागदावर तो मजकूर खरोखरच लिहा, मोठ्या अक्षरात. पाठांतर कितीही पक्कं असू दे. देवापुढे निरांजन किंवा उदबत्ती लावायची असेल तर काडेपेटीत सहा-सात काड्या आधी ओढून पाहिलेल्या, आणि विंगेत एक पाण्याची, एक वाळूची बादली. दिवा लावण्याची परवानगी नाट्यगृहाकडून आधीच घ्यायची.

कपड्यांच्या झटपट बदलाची तालीम घड्याळ लावून घ्या. शिवलेली नऊवारी, टिचबटणं आणि वेल्क्रो यांच्या मदतीने दोन माणसं ४० सेकंदांत नटीला तयार करतात, पण त्यांनी ते आठ-दहा वेळा केलेलं असेल तरच. कपडे घालायच्या उलट क्रमाने रचून ठेवा. टॉर्चवर निळा जिलेटिन कागद चिकटवा.

प्रकाश

आधी गणित. १००० वॅटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण ४.३५ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीन दिवे म्हणजे १३ अँपिअर झाले. चौथा लावला की १७.४, म्हणजे मर्यादेबाहेर. बारा दिव्यांना मिळून ५२ अँपिअर लागतात, म्हणून ते तीन फेजवर चार-चार वाटायचे, प्रत्येक फेजचे चार दिवे दोन सॉकेटांवर. एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि चालू असताना पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली वायर गरम होऊन वितळते. मांडवात तीन फेज घेताना न्यूट्रल पक्का आहे ना हे परवानाधारक वायरमनकडूनच तपासून घ्या. न्यूट्रल सुटला तर एका फेजवर व्होल्टेज भलतंच वाढतं आणि आधी ॲम्प्लिफायर जातो. हे काम उत्साही कार्यकर्त्याला देऊ नका.

कमी दिव्यांत रंगमंचाचे सहा भाग करा : पुढे तीन, मागे तीन. प्रत्येक भागाला समोरून दोन दिवे, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, साधारण ४५ अंशांत. एका बाजूला फिकट अंबर, दुसरीला फिकट निळा जिलेटिन, म्हणजे चेहरा सपाट दिसत नाही. उरलेले दिवे मागून, केसांवर आणि खांद्यांवर. बारा दिवेही नसतील तर मागचे तीन भाग प्रत्येकी एकावर भागवा, पुढचे मात्र दोनच ठेवा.

फोकस करताना रंगमंचावर खरा माणूस उभा करा आणि दिव्याचा सगळ्यात प्रखर भाग त्याच्या चेहऱ्यावर आणा. वरून फोकस करणारा जमिनीवरचं वर्तुळ पाहतो आणि तेच बरोबर मानतो. मग नटाचे पाय उजळतात आणि डोळे अंधारात राहतात. हॅलोजनचा नवा बल्ब उघड्या बोटांनी धरू नका, घामाचा तेलकट डाग तिथे जास्त तापतो आणि काच फुटते.

हॅलोजनची तार विझायला वेळ घेते. खटकन ब्लॅकआऊट हवा असेल तर क्यू शब्दाच्या अर्धा सेकंद आधी. उलट, प्रसंग झटक्यात उजळायचा असेल तर दिवे आधीच ५ टक्क्यांवर ठेवा, प्रेक्षकाला ते दिसत नाहीत आणि तार गरम राहते. स्वस्त एलईडी पारचं (डब्यासारख्या एलईडी दिव्याचं) दुखणं वेगळंच : शेवटच्या थोड्या टक्क्यांत तो हळू न विझता टप्पा खाऊन विझतो. संध्याकाळ हळूहळू उतरायची असेल तर शेवटचा दिवा हॅलोजनचाच ठेवा.

अंधारातला प्रसंगबदल तीस सेकंदांच्या पुढे गेला की प्रेक्षक मोबाईल काढतात. लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या) कडांवर आणि फर्निचरच्या पायांच्या जागी रेडियमच्या नखाएवढ्या पट्ट्या चिकटवा. लांब पट्ट्या लावल्या तर ब्लॅकआऊटमध्ये रंगमंच विमानतळासारखा दिसतो.

ध्वनी

फाईलचं नाव क्यूच्या आकड्याने सुरू करा : ०१५_पाऊस_चढता. संगणक ती नावं आपणहून क्रमाने लावतो. पावसाची फाईल तीस सेकंदांची घेऊन फिरवत राहिलात तर त्यातला एखादा पन्हाळीचा टपटप आवाज दर तीस सेकंदांनी येतो आणि चौथ्या वेळी प्रेक्षक त्याचीच वाट पाहतात. निदान पाच मिनिटांची अखंड फाईल करा. पाऊस पहिले तीन-चार सेकंद वरचढ, मग संवादाखाली. एकदा कानाने पाऊस ओळखला की पुढे त्याची आठवणच पुरते.

आवाज कुठून येतो हे कान फार अचूक ओळखतो. सेटवरचा फोन प्रेक्षागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून वाजला की सगळं खोटं पडतं. टेबलामागे छोटा स्पीकर लपवा, आणि जुन्या वळणाचा फोन असेल तर विंगेतून बटणाने वाजणारी विजेची घंटा त्याहून उत्तम. ही घंटा वाजवणारा माणूस नटाचा हात दिसेल अशाच जागी उभा पाहिजे.

लॅपटॉपवर ब्लूटूथ, वायफाय, स्क्रीनसेव्हर आणि सगळ्या सूचना बंद. तेच फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा फ्लाईट मोडमधल्या फोनवर, आणि त्याचीही वायर मिक्सरला आधीच जोडलेली. चार्जर लावल्यावर घुमणारा आवाज आला तर तो बहुतेक अर्थिंगच्या दोन वाटांमुळे. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल जुळवून देणारी छोटी डबी) घाला आणि त्यावरचं ग्राउंड-लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून आवाज जातो हे खरं, पण तो उपाय माणसाच्या जिवावर बेततो; तो कोणी सुचवला तर त्याला चहा आणायला पाठवा.

रंगमंचाच्या पुढच्या कडेवर फूटमाईक लागतात. दोन माइकमधलं अंतर हे माईक आणि नट यांच्यातल्या अंतराच्या तिप्पट असावं. जवळजवळ लावले तर एकच आवाज दोन माइकांत किंचित वेगळ्या वेळी पोचून पोकळ होतो. फूटमाईकखाली फोमचा तुकडा ठेवा, नाहीतर पावलंच जास्त ऐकू येतात. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. मागे गेला की शिट्टी.

तांत्रिक तालीम आणि प्रयोगाचा दिवस

रंगीत तालमीच्या आधी एक क्यू-टू-क्यू तालीम हवी. तीत संवाद गाळून एका क्यूवरून थेट पुढच्यावर जायचं. एका क्यूला चार मिनिटं धरली तर ६० क्यूंना चार तास लागतात. त्या दिवशी दिग्दर्शकाने अभिनयावर बोलायचं नाही. हा नियम पाळला जात नाही, पण सांगावा.

प्रयोग संध्याकाळी ७ ला आणि रंगमंच दुपारी १ ला ताब्यात मिळणार असं धरू.

१.०० – टेम्पो रिकामा. सगळं सामान थेट विंगेत, रंगमंचाचा मध्य मोकळा.
१.१५ – आधी दिवे टांगायचे. शिडीला मोकळी जमीन लागते. सेट उभा राहिल्यावर दिवे टांगायला दुप्पट वेळ जातो. त्याच वेळी एकजण जमिनीवर सेटची मापं खडूने आखतो.
२.१५ – सेट उभा करणं. सगळ्यात आधी दाराचा फ्लॅट, बाकीचे त्याच्या रेषेत.
३.३० – फोकस. रंगमंचावर फक्त प्रकाशवाले आणि एक उभा माणूस. हातोडी बंद.
४.३० – ध्वनीच्या पातळ्या. नट मेकअपला.
५.०० – अवघड क्यू, प्रसंगबदल आणि झटपट कपडे यांची फेरी.
५.४५ – रंगमंच झाडणं. विसरलेला एक स्क्रू अनवाणी नटाला पुरतो.
६.०० – वस्तूंची टेबलं तपासणं, पडदा ओढून पाहणं, नारळ, नटराजपूजन.
६.३० – प्रेक्षक आत. यापुढे पडद्याआडून कोणी डोकवायचं नाही.

पहिली, दुसरी आणि तिसरी घंटा व्यवस्थापकच देतो. तिसरीच्या आधी प्रकाश, ध्वनी, वस्तू आणि दोन्ही विंगांतून ‘तयार’ अशी पाच उत्तरं घ्यायची; एकही कमी असेल तर घंटा थांबते, पहिल्या रांगेत कोणीही बसलेलं असो. स्पर्धेत वेळेचे गुण जातात, तेव्हा ही विचारणा सातला पाच कमी असतानाच सुरू करा.

प्रयोगात चूक झाली तर ती दुरुस्त करायला मागे जाऊ नका. ध्व १५ सुटला आणि नट पुढे गेले असतील तर तो सोडा, वहीत फुली मारा, पुढच्याला ‘तयार’ म्हणा. उशिरा आलेला पाऊस न आलेल्या पावसापेक्षा वाईट.

तेच नाटक रेडिओवर

भारतात सामुदायिक रेडिओचं धोरण २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांपुरतं आलं आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही महाराष्ट्रातली ओळखीची केंद्रं. प्रसारणाची ताकद साधारण १०० वॅटची, त्यामुळे ऐकणारे आसपासच्या गावांतले. निदान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला असावा ही धोरणाची अट आहे, म्हणून गावातलं हौशी नाटक अशा केंद्राला हवंच असतं.

प्रयोग चालू असताना फूटमाईकवरून केलेलं ध्वनिमुद्रण पाठवू नका. त्यात खोकला, पंखा, पावलं असतात आणि प्रत्येक नट दहा फूट लांब. पुन्हा ध्वनिमुद्रण करा, एका रविवारी होतं.

वही तीच घ्या आणि ‘प्रकाश’चा रकाना खोडून तिथे ‘ऐकू कसं येणार’ असं लिहा. सुमी उठून दाराकडे गेली हे श्रोत्याला कसं कळेल? खुर्ची सरकल्याच्या आवाजाने, आणि ‘आलाच बघा’ माइकपासून लांब जाऊन म्हटल्याने. तेवढ्यावर भागत असेल तर ‘मी दाराकडे जाते हं’ असं वाक्य घालायची गरज नाही. जिथे भागत नाही तिथे एक शब्द वाढवा. अर्ध्या तासाच्या वेळेत उद्घोषणा आणि श्रेयनामावली धरून मजकूर २८ मिनिटांच्या आत बसवा. तासाच्या एकांकिकेतून उपकथानक जातं, शब्द तासून भागत नाही.

स्टुडिओ मोठा नको, पण मऊ हवा. दोन दोऱ्यांवर गोधड्या टांगून माइकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना आडोसा करा. पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर बंद. तोंड माइकपासून एक वीत, आणि किंचित तिरकं, म्हणजे प, फ, भ यांचा फटकारा हवेसकट माइकवर आदळत नाही. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. सगळ्यात मोठं वाक्य उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ओरडायचं असेल तर नटाने एक पाऊल मागे जायचं, यंत्राचा खटका फिरवायचा नाही.

संहितेची पानं सुटी, स्टेपल न केलेली, आणि कोणतंही वाक्य पानाच्या तळाशी तुटलेलं नको. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, बाजूला अलगद सरकवायचं. प्रत्येक टेकच्या आधी तोंडाने ‘प्रसंग तीन, टेक दोन’ म्हणा आणि वहीत चांगल्या टेकभोवती गोल करा. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून खोलीची साठ सेकंद शांतता ध्वनिमुद्रित करा. संकलनात दोन वाक्यांमध्ये अंतर वाढवावं लागतं तेव्हा तिथे हीच शांतता घालायची. कोरी जागा ठेवली तर रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतं.

आवाज शक्यतो तिथेच करा. सुपात ज्वारी हळू फिरवली की पाऊस, पातळ पत्रा हलवला की गडगडाट, चुरगळलेला सेलोफेन म्हणजे चूल, नारळाच्या दोन करवंट्या म्हणजे घोडा. इंटरनेटवरून घेतलेल्या पावसात भलत्याच देशाचे पक्षी ओरडतात आणि त्याच्या वापराचा परवानाही तपासावा लागतो.

तयार झालेलं मोनो (डावा-उजवा आवाज एकत्र) करून ऐका, कारण बरेचजण मोबाईलच्या एका स्पीकरवर ऐकतात, आणि स्टीरिओत छान वाटणारं पार्श्वसंगीत मोनोत कधी कधी अर्धं गायब होतं. मग ते रिक्षात किंवा स्वयंपाकघरात, भांडी घासली जात असताना लावून पाहा. तिथे आजोबांचं कुजबुजतं वाक्य हरवत असेल तर पाऊस आणखी ३ डेसिबल खाली.

केंद्राला द्यायच्या फाईलसोबत एक पान जोडा : नाटकाचं नाव, एकूण वेळ मिनिट-सेकंदांत, पहिले आणि शेवटचे शब्द, लेखकाच्या प्रसारण-परवानगीची प्रत. शेवटचे शब्द महत्त्वाचे. नाटकाच्या अखेरीस लांब शांतता असेल तर ड्युटीवरचा उद्घोषक ती शांतता म्हणजे शेवट समजून गाणं लावतो. प्रसारित कार्यक्रम केंद्राला तीन महिने जपून ठेवावे लागतात. तुमची मूळ फाईल आणि वहीचे फोटो मात्र दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी डिस्क दुसऱ्याच्या घरी.